कोंबडी चुना कोठून आणते ?

न्याहारीसाठीं अंडें उकळत ठेवावें, पाण्याला आधण येतांच तें टचकन् तडकावें आणि पांढऱ्या बलकाचा फेंस भांडेंभर पसरावा, हा अनुभव कोणत्याही गृहिणीला नवा नाहीं. दोष बहुधा विस्तवाला दिला जातो, कधीं अंडेंवाल्याला. घरांतील एखादें वडील माणूस मात्र म्हणतें, "हल्लीं कोंबड्यांना कसलीं कसलीं औषधें खाऊं घालतात, म्हणून अंडीं अशीं नाजूक झालीं." फ्रिजमधून काढलेलें गार अंडें एकदम कढत पाण्यांत सोडलें तर चांगलें बळकट कवचही तडकतें, हें खरें. पण हाताच्या साध्या दाबानें चेपणारें, टोपलींतल्या टोपलींत पिचणारें अंडें जेव्हां वारंवार मिळूं लागतें, तेव्हां वडील माणसाच्या बोलण्यांत तथ्याचा अंश असतो. फक्त तें तथ्य त्याला वाटतें त्याच्या उलट बाजूला असतें. अंडें नाजूक होतें तें कोंबडीला खनिजें खाऊं घातल्यामुळें नव्हे. जीं घालावयास हवीं होतीं तीं योग्य वेळीं व योग्य रूपांत न मिळाल्यामुळें, किंवा मिळूनही अंगीं न लागल्यामुळें, तें बहुतेक वेळां नाजूक होतें.

६० ग्रॅम वजनाच्या अंड्याचें कवच सुमारें ६ ग्रॅम भरतें. त्याची जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक. एवढ्या पातळ पापुद्र्यांत ७,००० पासून १७,००० पर्यंत सूक्ष्म छिद्रें असतात आणि त्यांतून आंतल्या पिलाचा श्वासोच्छ्वास चालतो. या कवचाचा शेंकडा ९४-९५ भाग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भिंतीला लावण्याचा चुना ज्या चुनखडीपासून भाजून काढतात, तोच हा पदार्थ. त्यांत शुद्ध कॅल्शियम सव्वादोन ग्रॅमांच्या आसपास असतें. आंकडा दिसावयास लहान आहे. पण कोंबडीच्या सगळ्या सांगाड्यांत मिळून कॅल्शियम असतें तें सुमारें २० ग्रॅम. म्हणजे एक अंडें घालतांना ती आपल्या अंगांतील चुन्याच्या दहाव्या हिश्श्याइतका चुना बाहेर टाकते, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच करते. चांगल्या जातीची लेगहॉर्न कोंबडी वर्षाकाठीं ३०० अंडीं देते. हिशेब करून पाहिल्यास दीड किलो वजनाचा हा पक्षी एका वर्षांत आपल्या संपूर्ण सांगाड्याच्या तीसपट चुना जगाला वांटतो. तिची पूर्वज जी रानांतली तांबडी कोंबडी, ती वर्षाला दहा-पंधरा अंडीं घालून स्वस्थ बसते. निसर्गानें तिच्यापुरती व्यवस्था केली होती; तीनशें अंड्यांचा बेत माणसाचा आहे.

हा चुना येतो कोठून, असा प्रश्न एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला पडला होता. लुई निकोला व्होक्लॅं हें त्याचें नांव. क्रोमियम धातूचा शोध लावणारा तो हाच. १७९९ सालीं त्यानें एक कोंबडी कोंडून घातली, तिला कांहीं दिवस मोजून मापून केवळ ओट नांवाचें धान्य घातलें, त्या धान्यांतील चुना काढून मोजला आणि तिचीं अंडीं व विष्ठा यांतीलही मोजला. जमेपेक्षां खर्च अधिक निघाला. पोटांत गेला त्याहून अधिक चुना बाहेर पडला होता. व्होक्लॅंनें त्यावरून असा तर्क केला कीं कोंबडी चुना नवा निर्माण करीत असावी. त्या काळीं हा तर्क अगदींच वेडगळ नव्हता. मूलतत्त्वें म्हणजे काय, याची कल्पना तेव्हां नुकतीच स्थिर होत होती. नवल आहे तें पुढचें. विसाव्या शतकांत, १९६० च्या सुमारास, केर्व्हरॉं नांवाच्या दुसऱ्या एका फ्रेंच गृहस्थानें हाच प्रयोग आधाराला घेऊन असें प्रतिपादन केलें कीं कोंबडीच्या शरीरांत पोटॅशियमचें कॅल्शियम बनतें. सूर्याच्या गर्भांत ज्या प्रकारच्या घडामोडींना कोट्यवधि अंशांची उष्णता लागते, त्या एका लेगहॉर्नच्या पोटांत घडतात असा याचा अर्थ. १९९३ सालीं या सिद्धान्ताला पदार्थविज्ञानाचें 'इग नोबेल' पारितोषिक मिळालें. हें पारितोषिक प्रथम हसविणाऱ्या व मग विचार करावयास लावणाऱ्या संशोधनासाठीं असतें. येथें हंसण्यापलीकडे फारसें कांहीं उरत नाहीं.

व्होक्लॅंचें मोजमाप खोटें नव्हतें. चुकली ती एकच गोष्ट : जमेच्या बाजूला त्यानें धान्य मांडलें आणि ठेवींतली रक्कम मांडावयाची राहिली. ती ठेव कोंबडीच्या हाडांत होती.

ती नेमकी कोठें असते हें कळावयास पुढें सवाशें वर्षांहून अधिक काळ लागला. १९३४ सालीं शिकागो येथें काइझ आणि पॉटर या दोघांनीं पारव्यांच्या माद्यांचीं हाडें तपासलीं. अंडीं घालण्याच्या दिवसांत त्यांच्या मांडीच्या व पायाच्या पोकळ हाडांमध्यें, जेथें एरवीं मज्जा असते तेथें, एक नवेंच ठिसूळ, जाळीदार हाड भरून आलेलें त्यांना दिसलें. नरांत तें नव्हतें. कोंबडींतही हीच व्यवस्था आहे. पहिलें अंडें घालण्याच्या दहा-चौदा दिवस अगोदर तिच्या रक्तांतील स्त्रीत्वाचा रस वाढूं लागतो आणि त्याच्या हुकमानें हाडांच्या पोकळींत हें राखीव हाड रचलें जातें. शरीराचा भार वाहण्याच्या कामीं त्याचा उपयोग थोडा; तें केवळ कोठार आहे. संध्याकाळीं भरावें आणि रात्रीं उपसावें असें. (२००५ सालीं अमेरिकेंतील मेरी श्वाइट्झर या विदुषीला टायरॅनोसॉरस या प्रचंड प्राण्याच्या मांडीच्या अश्मीभूत हाडांत अशाच हाडाची खूण सांपडली, आणि तो प्राणी नर नसून अंडीं घालण्याच्या बेतांत असलेली मादी होता असा निष्कर्ष काढतां आला.)

आतां भरावयाचें आणि उपसावयाचें वेळापत्रक पाहिलें पाहिजे, कारण खाद्यांतील चुन्याचें सगळें शास्त्र त्या वेळापत्रकावर उभें आहे. सकाळीं अंडें घातल्यावर अर्ध्या तासानें पुढच्या अंड्याचा पिवळा बलक अंडनलिकेंत उतरतो. सुमारें तीन तासांत त्याभोंवतीं पांढरा बलक जमतो, पुढल्या सव्वा तासांत दोन पातळ आंतरपटलें चढतात, आणि दुपारच्या सुमारास तें मऊ, बोटानें दाबावें असें अंडें कवच बनविणाऱ्या ग्रंथींत येऊन पडतें. तेथें तें वीस तास राहतें. पहिले कांहीं तास पाणी व क्षार शोषून फुगण्यांत जातात. कवचाचें खरें काम सुरू होतें तें संध्याकाळीं, आणि तें रात्रभर चालतें. या वेळीं रक्तांतून चुना इतक्या वेगानें खेंचला जातो कीं रक्तांत असलेलें सगळें कॅल्शियम दर बारा-पंधरा मिनिटांनीं नव्यानें भरावें लागतें. आणि नेमक्या याच वेळीं कोंबडी दांडीवर डोळे मिटून बसलेली असते. रात्रीं ती खात नाहीं.

म्हणजे ज्या वेळीं मागणी सर्वांत अधिक, त्या वेळीं आवक बंद. मग दोनच ठिकाणांहून पुरवठा होऊं शकतो : संध्याकाळीं खाल्लेलें जें अजून पोटांत शिल्लक असेल त्यांतून, नाहींतर हाडांतून. १९४९ सालीं अमेरिकेंतील कोमार व ड्रिगर्स यांनीं कोंबड्यांना किरणोत्सर्गी कॅल्शियम देऊन कवचांतील चुन्याचा माग काढला. तेव्हांपासून झालेल्या अशा मोजमापांवरून कवचाला खाद्य आणि हाड हीं दोन्हीं चुना पुरवितात, हें आतां निर्विवाद आहे. खाद्य चांगलें असलें तरी हाडाचा वांटा थोडाफार राहतोच. खाद्य अपुरें असलें कीं तो वाढत जातो.

खाद्य अपुरें म्हणजे किती, याची कल्पना घरच्या धान्यावरून येईल. ज्वारीच्या १०० ग्रॅमांत कॅल्शियम असतें २५-३० मिलिग्रॅम. एका अंड्याच्या कवचाइतका चुना ज्वारींतून मिळवावयाचा तर कोंबडीला ७ ते ९ किलो ज्वारी खावी लागेल. ती दिवसाला खाते शंभर-सव्वाशें ग्रॅम. धान्यांत चुन्यासाठीं प्रसिद्ध अशी नाचणी; तिच्या १०० ग्रॅमांत साडेतीनशें मिलिग्रॅमांच्या आसपास, म्हणजे तीही गरजेच्या पासंगाला पुरत नाहीं. अंगणांत मोकळी हिंडणारी कोंबडी किडे, गोगलगाई, भिंतीचे पोपडे, राखेंतले खडे टिपून ही तूट थोडीबहुत भरून काढते आणि अंडींही बेतानेंच घालते. रानच्या पांखरांचें असेंच आहे. हॉलंडमध्यें आम्लयुक्त पावसानें कांहीं जंगलांतील जमिनींतला चुना धुऊन गेला, त्याबरोबर गोगलगाई नाहींशा झाल्या, आणि तेथील टिट नांवाचे चिमणीएवढे पक्षी पातळ, सच्छिद्र, कधीं बिनकवचाचीं अंडीं घालूं लागले, असें १९९४ सालीं ग्राव्हलांड या संशोधकानें दाखविलें. त्या पक्ष्यांना गोगलगाईंचे शंख व कोंबडीच्या अंड्यांच्या टरफलांचे तुकडे पुरविल्यावर कवचें पूर्ववत् झालीं.

म्हणून अंड्यांवर असलेल्या कोंबडीच्या खाद्यांत कॅल्शियमचें प्रमाण शेंकडा साडेतीन ते चार ठेवावें लागतें. खाल्लेल्या कॅल्शियमपैकीं निम्म्याच्या वर थोडेंच अंगीं लागतें, हें धरून हा आंकडा काढलेला आहे. पण प्रमाण साधलें म्हणजे काम संपलें, अशी समजूत करून घेणारे कोंबडीपालक बरेच आहेत आणि पिचकीं अंडीं बहुधा त्यांच्याकडचीं असतात. चुनखडीची वस्त्रगाळ पूड सकाळच्या खाद्यांत मिसळली तर ती आंतड्यांतून भराभर पुढें जाते. दुपारपर्यंत तिचा जो उपयोग व्हावयाचा तो होऊन उरलेली विष्ठेवाटें निघून जाते. रात्रीसाठीं कांहीं उरत नाहीं. तोच चुना शिंपल्याच्या किंवा चुनखडीच्या जाड कणांच्या रूपानें, दोन ते चार मिलिमीटरच्या भरडीसारखा, दिला तर ते कण कोंबडीच्या पेट्यांत अडकून राहतात. चिकनच्या दुकानांत कलेजीबरोबर जो पेटा मिळतो तोच हा अवयव; दांत नसलेल्या पक्ष्याचें तें जातें आहे. तेथें ते कण आम्लांत रात्रभर हळूहळू विरघळत राहतात आणि कोंबडी झोंपेंत असतां तिच्या रक्ताला चुना पुरवितात. वजन तेंच, पदार्थ तोच. जाडीचा काय तो फरक, आणि त्या फरकानें हाडें वांचतात. येथें एक घोटाळा नेहमीं होतो. दाणे भरडण्यासाठीं कोंबडी जे वाळूचे, गारेचे खडे गिळते ते वेगळे. ते पेट्यांत दळण्याचें काम करतात, विरघळत नाहींत आणि त्यांतून चुन्याचा कणही मिळत नाहीं.

कोंबडीला स्वतःला यांतलें पुष्कळसें कळतें. खाद्य व शिंपल्याचा चुरा अशीं दोन निरनिराळीं भांडीं तिच्यापुढें ठेविलीं तर ती सकाळीं शिंपल्याकडे फारशी वळत नाहीं. दुपार कलल्यावर, अंडें कवचग्रंथींत उतरल्यानंतर, मुद्दाम जाऊन तो टिपूं लागते. ज्या दिवशीं अंडें नसेल त्या दिवशीं कमी खाते. हा विवेक तिला दाखवितां यावा एवढी सवड मात्र तिला दिली पाहिजे. सर्व कांहीं एकत्र दळून एकाच घमेल्यांतून घातलें म्हणजे तिची भूक आणि चुन्याची गरज यांची फारकत करतां येत नाहीं.

चुना मुबलक असूनही तो अंगीं न लागण्याचीं कारणें निराळीं आहेत. पहिलें 'ड' जीवनसत्त्वाचें. तें नसेल तर आंतड्यांतून कॅल्शियम रक्तांत शिरतच नाहीं. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत हार्ट, स्टीनबॉक, हाल्पिन प्रभृति मंडळींनीं १९२५ सालीं दाखविलें कीं घरांत कोंडलेल्या कोंबड्यांवर अतिनील किरण सोडले तर त्यांचीं अंडीं वाढतात आणि त्यांतून पिलें अधिक निघतात. त्यापूर्वीं थंड देशांत हिंवाळ्यांत कोंबड्या कां लंगडतात याचें कोडें उलगडत नव्हतें. पक्ष्यांना या जीवनसत्त्वाचा प्राणिजन्य प्रकारच मानवतो. वनस्पतिजन्य प्रकार त्यांना फारसा लागूं पडत नाहीं. उन्हांत हिंडणाऱ्या कोंबडीला त्याची चिंता नाहीं, छपराखालीं वाढलेलीला तें खाद्यांतूनच द्यावें लागतें.

दुसरें फॉस्फरसचें. हाड बांधावयाचें तर चुन्याबरोबर फॉस्फरस हवाच. धान्यांत तो असतो, पण त्याचा सुमारें दोन-तृतीयांश भाग फायटेट नांवाच्या संयुगांत कुलूपबंद असतो आणि कोंबडीकडे त्या कुलुपाची किल्ली अपुरी आहे. पूर्वीं त्यासाठीं हाडांची पूड घालीत. पुढें डायकॅल्शियम फॉस्फेट आलें आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फायटेज नांवाचें एन्झाइम, जें धान्यांतलेंच कुलूप उघडतें. मात्र फॉस्फरस फार झाला तर तो कवचाच्या कामांत अडथळा करतो. शिवाय खाणींतल्या कच्च्या फॉस्फेटबरोबर नको ते सोबती येतात. त्यांत व्हॅनेडियम नांवाचा धातु किलोमागें आठ-दहा मिलिग्रॅम जरी आला तरी अंड्याचा पांढरा बलक पाण्यासारखा पसरूं लागतो. बशींत फोडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची उंची मोजून त्याची प्रत ठरविण्याची जी रीत आहे, ती रेमंड हॉ यानें १९३७ सालीं बसविली. पुढें तिनेंच हा दोष उघडकीस आणला. खनिज मिश्रण स्वस्तांत घेणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

तिसरें कारण हवेंत आहे, आणि महाराष्ट्रांतल्या वैशाखांत तें प्रत्येक कोंबडीपालकाला भोंवतें. कॅल्शियम कार्बोनेटांतला कॅल्शियम खाद्यांतून येतो, पण त्याचा दुसरा अर्धा भाग, कार्बोनेट, हा कोंबडीच्या रक्तांतील कर्बाम्लवायूपासून बनतो. श्वासावाटें जो बाहेर पडतो तोच वायु. ज्यांना हें पाहावयाचें असेल त्यांनीं एक अंडें पेलाभर व्हिनेगरमध्यें ठेवावें. थोड्याच वेळांत कवचावर बुडबुडे धरूं लागतात आणि एक-दोन दिवसांत कवच विरघळून अंडें नुसत्या पटलांत उरतें. ते बुडबुडे म्हणजे कोंबडीनें न सोडतां राखून ठेविलेला श्वास होय. आतां कोंबडीला घाम येत नाहीं. उन्हाळ्यांत चोंच वासून धापा टाकून ती अंग निववते आणि त्या धापांबरोबर कर्बाम्लवायु भराभर निघून जातो. रक्तांत तो कमी झाला कीं खाद्यांत चुना कितीही असो, कवच पातळच उतरतें. १९८५ सालीं अमेरिकेंत उन्हांतील कोंबड्यांना चक्क सोडावॉटर पाजून पाहण्यांत आलें, आणि त्यांचीं कवचें सुधारलीं. तो उपाय परवडणारा नाहीं. खाण्याचा सोडा खाद्यांत घालणें, छपरावर गवत अंथरून पाणी मारणें, पिण्याचें पाणी गार ठेवणें आणि खाद्य पहाटेच्या व संध्याकाळच्या थंड वेळीं देणें, हे परवडणारे आहेत. पाण्याचीही परीक्षा केलेली बरी. खारट पाणी पिऊन कवच बिघडतें, असा ऑस्ट्रेलियांतील अनुभव आहे.

वायूचें कार्बोनेट करण्याचें काम कवचग्रंथींतील ज्या एन्झाइमकडे आहे त्याच्या गाभ्यांत जस्ताचा अणु असतो. केंब्रिजच्या केलिन व मान यांनीं १९४० च्या सुमारास तें जस्त ओळखलें, आणि सल्फा जातीचीं औषधें या एन्झाइमला निकामी करतात हेंही दाखविलें. लगेच १९४४ मध्यें प्रयोग झाले : सल्फा औषध दिलेल्या कोंबड्यांनीं कवचावांचून, नुसत्या पापुद्र्यांतलीं अंडीं घातलीं. चुना भरपूर होता, तो बसविणारा गवंडी मात्र बांधून घातला होता. मँगनीजची गोष्ट याच वर्गांतली. १९३६ सालीं कॉर्नेल विद्यापीठांत विल्गस, नॉरिस व ह्यूझर यांनीं पिलांच्या पायाची शीर सरकून तीं पांगळीं होण्याचा रोग मँगनीजच्या अभावानें होतो हें दाखविलें. त्याच धातूच्या उणेपणानें कवचाची वीणही सैल पडते. हीं द्रव्यें किलोभर खाद्यांत कांहीं थोडे मिलिग्रॅमच लागतात. अलीकडे तीं अमिनो आम्लांशीं जोडून 'सेंद्रिय' रूपांत महाग विकलीं जातात. त्यांचा कांहींसा लाभ म्हाताऱ्या कोंबड्यांत दिसतो, पण जाहिरातींत सांगतात तितका नव्हे, आणि चुन्याची, जीवनसत्त्वाची घडी बसलेली नसतां तर मुळींच नव्हे.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें एक गोष्ट स्पष्ट सांगणें जरूर आहे. कोंबडीला चुना अधिक घातला म्हणून अंड्याच्या खाण्याजोग्या भागांत कॅल्शियम वाढत नाहीं. तें ५० ग्रॅमांत २५-३० मिलिग्रॅमच राहतें. वाढतें तें कवच. याच्या उलट आयोडीन व सेलेनियम हीं खाद्यांत वाढविलीं कीं बलकांतही वाढतात, आणि तशीं अंडीं मुद्दाम तयार करून विकलीं जातात. सेलेनियमच्या बाबतींत हात आंवरावा हें उत्तम. किलोभर खाद्यांत तिसरा हिस्सा मिलिग्रॅमदेखील पुरे होतें. अमेरिकेच्या दक्षिण डाकोटा प्रांतांत जमिनींतच तें फार असल्यामुळें १९३० नंतरच्या वर्षांत अंड्यांतलीं पिलें व्यंग होऊन मरत. राहिला रंगाचा प्रश्न. तपकिरी कवच ही जातीची खूण आहे, बलकाचा केशरी रंग मक्याचा, हिरव्या पाल्याचा किंवा खाद्यांत मिसळलेल्या झेंडूचा. दोहोंचाही खनिजांशीं संबंध नाहीं, आणि केवळ रंगासाठीं जास्त पैसे मोजणें हा ज्याच्या त्याच्या हौसेचा भाग. टोपलींतलें तडकलेलें अंडें मात्र घेऊं नये. घरीं तडकलेलें आढळल्यास अर्धकच्चें न खातां पुरतें शिजवावें, कारण त्या भेगेंतून जंतु आंत शिरतात.

या सर्वांत ज्याची गणना अंडेंवाल्याच्या हिशेबांत होत नाहीं तें कोंबडीचें हाड. अंडीं चालू असेपर्यंत तिच्या शरीराची रचना अशी असते कीं नवें बनतें तें केवळ कोठाराचें ठिसूळ हाड. शरीर पेलणारें खरें हाड झिजतें, पण भरून निघत नाहीं. जुन्या काळीं ती मधूनमधून खुडूक बसे, पिसें गाळी, आणि त्या विश्रांतींत हाडाची डागडुजी होई. वर्षभर न थांबणाऱ्या कोंबडीला ती संधि नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास, पिंजऱ्यांची पद्धति रूढ झाल्यावर, एक नवाच विकार लक्षांत आला : सकाळीं भरघोस अंडीं देणाऱ्या कोंबड्याच पिंजऱ्यांत एकाएकीं पाय पसरून पडत, उठत नसत. तपासतां त्यांचीं हाडें कागदासारखीं झालेलीं आढळत. अंडें चांगलें असे. ज्या हाडांतून तें बनलें तीं संपलेलीं असत. आजही अनेक कळपांत वर्षाअखेरीस निम्म्याहून अधिक कोंबड्यांच्या छातीचें हाड कोठेंतरी मोडलेलें सांपडतें. म्हणूनच पिचक्या अंड्यांकडे केवळ नुकसान म्हणून पाहणें बरोबर नाहीं. कवच पातळ होण्याच्या पुष्कळ आधीं कोंबडीनें आपलें हाड खर्ची घातलेलें असतें.

ज्यांच्या बंगल्याच्या आवारांत चार-सहा कोंबड्या आहेत त्यांना यासाठीं मोठी यातायात नको. पिलांना आणि तलंगांना अंड्यांवरच्या कोंबडीचें खाद्य घालूं नये. अवेळीं आलेल्या चुन्यानें त्यांचे मूत्रपिंड बिघडतात. पहिल्या अंड्याच्या पंधरवडाभर आधीं, तुरा तांबडा होऊं लागतांच, चुना वाढवावयास प्रारंभ करावा. कोंकणांत किनाऱ्यावर कालवांचे शिंपले फुकट मिळतात; ते धुवून, वाळवून, खलबत्त्यांत ज्वारीच्या दाण्याएवढे भरडले कीं झालें. शिंपले नसतील तेथें घरांतल्या अंड्यांचीं टरफलें तव्यावर भाजून चुरावीं, परंतु टरफलाचा आकार ओळखूं येईल असे मोठे तुकडे ठेवूं नयेत, नाहींतर कोंबड्यांना स्वतःचीं अंडीं फोडून खाण्याची खोड लागते. हा चुरा खाद्यांत न मिसळतां वेगळ्या मातीच्या थाळींत, सावलींत, दुपारीं तीन-चारच्या सुमारास ठेवावा व रात्रीं खुराडें लावण्यापूर्वीं उरलेला काढून घ्यावा. वय वाढत जाईल तसें अंडें मोठें होतें आणि कवचाचा माल तेवढाच राहतो, म्हणून जुन्या कोंबड्यांची थाळी थोडी सढळ असावी. थाळीकडे कोण जातें हेंही पाहण्यासारखें असतें. जी कोंबडी आठ-दहा दिवस तिकडे ढुंकूनही पाहात नाहीं, ती बहुधा अंडीं घालीत नाहीं, किंवा खुडूक होण्याच्या बेतांत आहे.